धड्याचे नाटक आणि आपली मुले

(वरकुटे येथील शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मेळाव्यातले भाषण टाळ्यांबरोबर विरून जाते. छापलेले भाषण घरात राहते आणि कधी तरी पुन्हा वाचले जाते. म्हणून हा मजकूर, हे पान उघडून बसलेल्या आपणांस उद्देशून लिहीत आहे. आपण पालक असाल, माझ्यासारखे शिक्षक असाल किंवा संस्थेचे हितचिंतक असाल. माझा विषय साधा आहे. वाचलेल्या साहित्यकृतीचे मुलांनी स्वतः दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे, म्हणजे गोष्टीची एकांकिका, धड्याची नाट्यछटा, कवितेची श्रुतिका, प्रसंगाचा पोवाडा करणे, याला शाळेत काय स्थान असावे? स्नेहसंमेलनापुरते आणि हौसेपुरते, असे उत्तर सर्वसाधारणपणे दिले जाते. मला मात्र असे वाटते की, रूपांतर हा वाचनाचाच सर्वांत कडक अभ्यास आहे, आणि आपल्या मुलांना त्याची गरज अधिक आहे.

अधिक का, ते आधी सांगतो. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलली जाते. शाळेत पुस्तकी मराठी, तासाला हिंदी, पहाटे मदरशात अरबी अक्षरे, आणि पहिलीपासून इंग्रजी. एवढ्या भाषा दप्तरात घेऊन येणारे मूल हुशार म्हटले पाहिजे. प्रत्यक्षात तेच मूल वर्गात मान खाली घालून बसते. तोंड उघडले, एखादा शब्द घरचा निघाला, तर शेजारचा हसेल ही भीती. मग ते मार्गदर्शिकेतले उत्तर पाठ करते. आता तर मोबाईलवरचे उत्तर उतरवून काढते. अक्षर सुवाच्य असते, गुणही मिळतात. पण त्या उत्तरात ते मूल कोठेच नसते. भाषा त्याच्या वहीत येते, त्याच्या मालकीची होत नाही.

रूपांतराला मात्र मार्गदर्शिका नाही. गोष्टीचा सारांश बाजारात मिळेल; तीच गोष्ट आपल्या वर्गातल्या अकरा मुलांनी, दोन बाकांवर, वीस मिनिटांत कशी उभी करावी, हे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते मुलालाच ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी मूळ गोष्ट चार-पाच वेळा बारकाईने वाचावी लागते.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. आपल्या परिसराला तर तिची फार जुनी ओळख आहे. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत पुढे बारामतीस येऊन राहिले आणि १७९४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कऱ्हेच्या काठीच त्यांनी काव्यरचना केली. महाभारत त्यांनी आर्या वृत्तात आणले. रामायण तर एकदा सांगून त्यांचे समाधान झाले नाही. त्यांच्या नावावर अष्टोत्तरशत, म्हणजे १०८ रामायणे सांगितली जातात. कथा सर्वांना पाठ होती. प्रत्येक वेळी बदलला तो बांधा. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ न लावता म्हणता यावे, अशी त्याची अट. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. आपण क्षणभर थांबून विचार करा: ज्या रामायणात ‘म’ चालत नाही, त्यात ‘राम’ हे नावच बसत नाही! मी हा प्रश्न वर्गात टाकला, तेव्हा मुलांनी नावे शोधायला सुरुवात केली. कोणी ‘रामचंद्र’ म्हणाले, ते बाद झाले. शेवटी एका मुलीने ‘जानकीनाथ’ सुचविले. सगळ्या वर्गाने ते पुटपुटून पाहिले. ओठ मिटले नाहीत. पर्यायी शब्द, अक्षरांची उच्चारस्थाने आणि षष्ठी तत्पुरुष समास हे तीन विषय त्या एका तासात झाले, आणि कोणालाही जांभई आली नाही.

भीमेपलीकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद. सतराव्या शतकात त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. मनाच्या साधनेचा विषय त्यांनी लढाईच्या रूपात मांडला, हे त्याच्या नावावरूनच कळते. पुढे आपल्याच काळाच्या जवळ या. बार्शीस १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख. गिरणीतला संप, शेतकऱ्याचे दुःख, संयुक्त महाराष्ट्राची मागणी हे सारे वर्तमानपत्रातले विषय. त्यांनी ते डफावर आणले आणि निरक्षर माणसाच्याही कानापर्यंत पोहोचविले. १९६९ साली आपल्या इंदापूरजवळच अपघातात त्यांचा अंत झाला. मराठीत मुसलमान लेखकाचे काय काम, असा प्रश्न कोणी आपल्या मुलाला विचारला, तर उत्तरादाखल ही दोन नावे त्याला ठाऊक असावीत.

तिसरे नाव डॉक्टर जब्बार पटेल यांचे. १९४२ साली पंढरपूरला जन्म, सोलापुरात शालेय शिक्षण, पुण्यात वैद्यकीय शिक्षण आणि पुढे जवळच दौंडला डॉक्टरी. नाटकाची ओढ विद्यार्थिदशेतली. त्यांच्या चित्रपटांची यादी पाहिली तर ती रूपांतराची शाळाच आहे. ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर, ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर, ‘उंबरठा’ (१९८२) शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर. रंगभूमीवर त्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली बसविला. त्या नाटकाची वंशावळ मुलांना सांगण्यासारखी आहे. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने भिकाऱ्यांवरचे एक संगीत नाटक लिहिले. दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेख्तने त्यावरून नवे नाटक रचले. आणखी पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांडे यांनी ते मराठी मातीत आणले. तीन देश, तीन भाषा, अडीचशे वर्षे. प्रत्येकाने आधीच्याचे घेतले आणि प्रत्येकाने आपल्या गावचे त्यात घातले.

पु. लं.चेच दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाला अधिक लागू पडते. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून त्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले; ते १९७५ साली रंगभूमीवर आले. मूळ नाटक एका फुलविक्या मुलीच्या बोलीवर उभे आहे. लंडनची बोली मराठीत भाषांतरित होत नाही. म्हणून लेखकाने आपल्याकडची, आपल्या प्रेक्षकाला चटकन ओळखू येणारी बोली शोधली. बोलीवरून माणसाची किंमत ठरवावी का, हा त्या नाटकाचा प्रश्न आहे. वर्गात मान खाली घालून बसलेल्या आपल्या मुलाचाही नेमका तोच प्रश्न आहे.

आता माझ्या वर्गातला अनुभव सांगतो. आम्ही गोष्ट घेतली प्रेमचंदांची ‘ईदगाह’. प्रेमचंद स्वतः शाळामास्तर होते, उर्दू आणि हिंदी या दोन्ही भाषांत लिहीत. गोष्ट आपणांपैकी अनेकांनी वाचली असेल. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद ईदच्या दिवशी गावच्या मुलांबरोबर ईदगाहला जातो. त्याच्याजवळ तीन पैसे. महमूदजवळ बारा, मोहसिनजवळ पंधरा. इतर मुले मिठाई आणि मातीची खेळणी घेतात. हमीद लोखंडाचा चिमटा घेतो, कारण तव्यावरची रोटी काढताना दादी अमीनाची बोटे भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, पाचावर येतो, अखेर तीन पैशांना देतो.

वर्गात सर्व समाजांची मुले होती. गोष्ट आपल्या गावात आणायची ठरली आणि वाद सुरू झाला. एक गट म्हणाला, इंदापूरच्या चांदशाहवली बाबांचा उरूस घेऊ. तिथे दुकाने असतात, पाळणे असतात. दुसरा गट म्हणाला, ईद काढली तर गोष्ट पांगळी होईल. सणाच्या दिवशीच गरिबी जास्त बोचते. धनगरवाड्यावरचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, आमच्यात खंडोबाची जत्रा असती. हमीदच्या जागी मी गेलो तरी चिमटाच आणीन.” हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले. मग आम्ही दोन रकाने आखले: काय बदलता येईल, आणि काय बदलले तर गोष्ट मोडेल. पहिल्या रकान्यात नाव, गाव, सण, नाणे आले. दुसऱ्यात तीनच गोष्टी उरल्या: भाजणारी बोटे, सर्वांत कमी पैसे, आणि कोणी न सांगता मुलाने स्वतः केलेली निवड. अखेर बहुमताने ईद तशीच ठेवली. पैशांचे मात्र गणित करावे लागले. आजच्या बाजारात तीन पैशांना काय अर्थ? प्रमाण राखून हमीदला तीस रुपये दिले, मोहसिनला दीडशे. दुकानदाराने साठ सांगितले, पन्नासवर आला आणि तिसावर तुटले. गॅस आल्यावर बोटे भाजतात का, अशी शंका एकाने काढली. त्याला मुलींनी उत्तर दिले: भाकरी पालथी करताना भाजतात, घरी जाऊन आईला विचार!

अशा शंकांतूनच साहित्य समजते. लेखक कागदावर हमीदच्या मनातले सांगू शकतो. रंगमंचावर मन दिसत नाही. म्हणून मुलांनी सुरुवातीला दादी चुलीपुढे बोट फुंकत बसलेली दाखविली. लगेच दुसऱ्याने हरकत घेतली, असे आधीच दाखविले तर पुढची गंमत जाईल. पुस्तक पुन्हा उघडले. प्रेमचंदांनीही कारण लपवून ठेवलेले नाही, दुकानापाशीच सांगून टाकले आहे. म्हणजे गोष्टीचे बळ रहस्यात नाही, हे मुलांनी स्वतः शोधले. शेवटची अडचण सर्वांत मोठी. चिमटा पाहून दादी आधी रागावते, मग रडते, आणि लहानगा हमीद जणू वडीलधारा होतो व म्हातारी लहान मूल. हे कसे दाखवायचे? एका अबोल मुलीने सांगितले, “दादी खाली बसू दे आणि हमीद उभा राहू दे. मग तोच उंच दिसेल.” त्याने बाहीने तिचे डोळे पुसायचे, एवढेच. मला बी. एड्.च्या पुस्तकांत आशयग्रहण या विषयावर पुष्कळ वाचल्याचे आठवते. त्या मुलीच्या दोन वाक्यांत ते सर्व आले.

दादीचे काम करणारी मुलगी पुस्तकी मराठी बोलत होती आणि दादी काही जिवंत होईना. तिला सांगितले, तुझी नानी बोलते तशी बोल. ती आधी लाजली. मग म्हणाली, “मेरे हातां जलते करके लाया क्या रे तू?” दुकानदार, गाडीवाले, इतर मुले मराठीत बोलत राहिली, दादी एकटी दखनीत. प्रयोगाला गावातल्या बायाबापड्या आल्या होत्या. त्या वाक्याला कोणी हसले नाही. काही जणींनी पदर डोळ्यांना लावला. पुढे ती मुलगी मराठीच्या तासाला हात वर करू लागली. घरची बोली चारचौघांत मानाने बोलली गेली, म्हणजे शाळेची भाषाही परकी राहत नाही, हे मी तेथे पाहिले.

त्याच गोष्टीचे आणखी दोन प्रकार झाले. खेळण्यांविरुद्ध चिमट्याची जी वादावादी गोष्टीत आहे, तिचा काही मुलांनी पोवाडा केला. शिपाई, वकील, भिश्ती एकेक करून हरतात आणि चिमटा जिंकतो. ताल धरायला चिमटाच वाजविला. दुसऱ्या गटाने नाट्यछटा निवडली. हा प्रकार मराठीत ‘दिवाकर’ यांनी १९११ च्या सुमारास आणला. तेही पुण्यातले शिक्षकच. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या एकमुखी कवितांवरून त्यांना तो सुचला. नाट्यछटेत एकच पात्र बोलते, समोरच्याचे बोलणे आपण ओळखायचे. मुलांनी बोलते केले ते दुकानदाराला. निम्म्या किमतीत चिमटा देऊन टाकणारा हा माणूस रात्री बायकोला हिशेब कसा देत असेल? मूळ गोष्टीत त्याला चार वाक्ये आहेत. रूपांतर करणाऱ्याची नजर अशा कोपऱ्यातल्या माणसापर्यंत जाते.

शिक्षकबंधूंसाठी माझी पद्धत थोडक्यात देतो. सहा-सात तास पुरतात. पहिले दोन तास नुसते वाचन. तिसऱ्याला ते दोन रकाने. चौथ्याला प्रकाराची निवड. उरलेले लेखन व तालमीला. नियम एकच आणि तो कडक. कोणताही बदल सुचविणाऱ्याने मूळ गोष्टीतल्या कोणत्या ओळीवरून तो सुचला, ते दाखवायचे. ओळ दाखवता आली नाही, तर बदल मागे घ्यायचा. या एका नियमाने धांगडधिंगा आपोआप थांबतो. आमचा खर्च एका चिमट्याचा झाला, आणि तो आता एका घरात वापरात आहे.

आक्षेप आहेत, त्यांकडे मी डोळेझाक करत नाही. पहिला अभ्यासक्रमाचा. दहावीला आता भाषेची कृतिपत्रिका असते. बातमी, जाहिरात, कथा मुलाला स्वतः रचावी लागते. एकाच मजकुराला निरनिराळे रूप देण्याची सवय झालेले मूल तेथे अडत नाही. दुसरा आक्षेप लेखकाच्या अधिकाराचा, आणि तो योग्य आहे. मूळ लेखकाचे नाव प्रत्येक वेळी सांगितलेच पाहिजे. १९५७ च्या कायद्यानुसार आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. प्रेमचंद १९३६ साली वारले, त्यामुळे त्यांची गोष्ट आता सर्वांची आहे. हयात किंवा अलीकडच्या लेखकाची कृती घेऊन शाळेबाहेर प्रयोग करायचा असेल, तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. ते पत्र मुलांनीच लिहावे. तोही एक धडा होईल.

तिसरा आक्षेप घराघरांतून येतो आणि तो मोठ्याने बोलला जात नाही. नाटक म्हणजे तमाशा, मुलीच्या जातीला ते शोभत नाही. अशा पालकांशी मी वाद घालत नाही. मी त्यांना श्रुतिका दाखवितो, खरे तर ऐकवितो. श्रुतिकेत चेहरा नाही, पोशाख नाही, नुसता आवाज. तव्याची चरचर, जत्रेचा गलका, चिमट्याची खणखण एका साध्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित होते. लिहिण्याचे काम तर घरी बसूनही होते. मुलीला मंच द्यायचा की नाही, हे आपण घरी ठरवा. पण तिच्या हातची लेखणी आणि तिचा आवाज अडवू नका. सातवी-आठवीनंतर शाळेच्या पटावरून जी नावे कमी होतात, ती कोणाची असतात, हे आपणही जाणता. ज्या मुलीला शाळेत आपले काही आहे असे वाटते, ती शाळा सोडताना एकदा तरी “नको” म्हणते. मी अशी नकार देणारी मुलगी पाहिली आहे, आणि तिच्या वडिलांनी तिचे ऐकल्याचेही पाहिले आहे.

म्हणून, वाचकहो, आपणांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. तालमीच्या दिवसांत मुलीला शाळा सुटल्यावर एक तास थांबू द्या आणि तिला घरी नेण्याची व्यवस्था आपण करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी, ओव्या, म्हणी मुलांकडून वहीत उतरवून घ्या; नव्या रचनेला माल तेथूनच मिळतो. आणि बक्षीस द्यायचे असेल तर ढाल-चषकाऐवजी पुस्तके द्या, एकाच गोष्टीच्या पाच प्रती द्या. पाच मुले एकत्र बसून वाचू शकतील.

यंदा सहामाहीनंतर नवी गोष्ट निवडायची आहे. आपल्या मनात एखादी असेल तर शाळेत येऊन सांगावी. मुलांचे दोन रकाने फळ्यावर आखलेले असतील. कोणत्या रकान्यात काय लिहायचे, ते आपणही त्यांच्याबरोबर बसून ठरवावे, अशी विनंती करून मी थांबतो.